यवरसाचा हिशेब : तीव्र बिअर व सत्त्वांशाची हानि

(१) अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत मापनाचीं उपकरणें येईपर्यंत इंग्लंडांतील बिअर करणारे लोक धान्याचें पुष्कळसें सत्त्व अज्ञानानें वायां घालवीत, असा एक समज रूढ आहे. आमचाही समज बरीच वर्षें असाच होता. परंतु जुनी रीत व तिचें गणित ताडून पाहतां हा आरोप अर्धाच खरा ठरतो. तो विचार प्रस्तुत टिपणांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

(२) प्रथम क्रिया पाहूं. जव भिजवून, मोड आणून भट्टीवर वाळविले म्हणजे माल्ट होतें. मोडाच्या धान्याची सुरा आपल्या प्राचीनांस अपरिचित नव्हती. सौत्रामणी यागाच्या सुरेंत मोड आलेले व्रीहि (शष्प) व मोड आलेले जव (तोक्म) घालीत. इंग्लंडांत माल्ट भरडून ऊन पाण्यांत कालवीत. या कालवण्यास मॅश म्हणतात. सुमारें ६५ अंश सेंटिग्रेड उष्णतेंत धान्यांतील पिष्टाची शर्करा होते. हें कार्य घडविणारें द्रव्य पायें व पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनीं १८३३ त वेगळें केलें व त्यास डायास्टेज हें नांव दिलें. पुढें गोड रस निथळून घेऊन हॉप्ससह उकळतात व निवाल्यावर त्यांत यीस्ट घालतात. मात्र चोथा स्वतः बराच रस धरून ठेवतो. स्थूलमानानें किलोभर माल्टामागें एक लिटर. सर्व वादाचें मूळ येथें आहे.

(३) २० लिटर रस हवा आहे असें समजूं. ४ किलो माल्ट घेतल्यास पाणी २४ लिटर लागेल. त्यांपैकीं ४ लिटर चोथ्यांत राहील, म्हणजे शर्करेचा सहावा हिस्सा अडकेल. आतां दुप्पट तीव्र बिअरसाठीं ८ किलो माल्ट घ्या. पाणी २८ लिटर, चोथ्यांत ८ लिटर. म्हणजे सातांपैकीं दोन हिस्से, शेंकडा सुमारें २९ शर्करा मागें राहिली. माल्ट दुप्पट केलें, पण शर्करा दुप्पट हातीं आली नाहीं. हा दोष करणाऱ्याच्या हाताचा नव्हे. थोड्या पाण्यांत पुष्कळ धान्य घालण्याचा तो अटळ परिणाम होय.

(४) मग जुने लोक काय करीत? ते त्याच माल्टावर दुसऱ्यांदां, कधीं तिसऱ्यांदां ऊन पाणी घालीत. पहिल्या रसाची तीव्र एल होई. पुढच्या पातळ रसाची ‘स्मॉल बिअर’ होई, व ती नोकरचाकर, मजूर व मुलेंही पीत. विल्यम कॉबेट याच्या १८२१-२२ तील ‘कॉटेज इकॉनमी’ या पुस्तकांत मजुराच्या घरीं एकाच माल्टापासून एल व स्मॉल बिअर करण्याची रीत आहे. येथें पहिल्या निथळींत जें मागें राहिलें तें दुसऱ्या पिंपांत गेलें. एका पिंपाचा हिशेब केल्यास हानि दिसते; घराचा केल्यास ती पुष्कळशी नाहींशी होते.

(५) तथापि आरोपाचा अर्धा भाग खरा आहे. कोणत्या माल्टांत सत्त्व किती, हें जिभेस नेमकें कळत नाहीं. मायकेल कोंब्रून यानें १७६२ च्या ग्रंथांत उष्णतामापकाचा पुरस्कार केला. ऑल्टन येथील जेम्स बेव्हरस्टॉक यास नव्या उपकरणांच्या पायीं वडिलांचा विरोध सोसावा लागला. हल येथील जॉन रिचर्डसन याचा शर्करामापकावरील (सॅकॅरोमीटर) ग्रंथ १७८४ त निघाला. त्यानंतर पोर्टर करणाऱ्यांस कळून आलें कीं, स्वस्त वाटणारें तपकिरी माल्ट सत्त्वाच्या मानानें महाग असून फिकें माल्टच परवडतें. त्यांनीं फिक्या माल्टाचें प्रमाण वाढविलें. रंगाची उणीव पुढें डॅनियल व्हीलर याच्या १८१७ च्या पेटंटाच्या काळ्या भाजलेल्या माल्टानें भरून निघाली. १६९७ पासून कर माल्टावर असल्यामुळें प्रत्येक बुशेलांतून अधिक रस काढणें हा निव्वळ लाभच होता.

(६) याच सुमारास स्कॉटलंडांत दुसरा मॅश न करतां निथळणाऱ्या चोथ्यावर ऊन पाणी शिंपडीत राहण्याची रीत रूढ झाली. तीस स्पार्जिंग म्हणतात. डब्ल्यू. एच. रॉबर्ट्स यानें १८३७ च्या ‘दि स्कॉटिश एल-ब्रूअर’ या ग्रंथांत तिची माहिती दिली आहे. वरील उदाहरणांत २८ लिटर पाणी एकदम न घालतां प्रथम १८ व निथळल्यावर १० घातलें, तर मागें राहणारी शर्करा शेंकडा २९ वरून २० वर येते. तीन भाग केल्यास १६ वर. लाभ वाढतो, पण दर वेळीं कमी कमी. याहून अधिक पाणी घातल्यास रस पातळ होतो व उकळून आटविण्यास सर्पण लागतें. अतिरेक केल्यास सालींतील तुरटपणाही उतरतो.

(७) अखेर १८८० त ग्लॅडस्टनच्या कायद्यानें माल्टावरील कर उठवून तो रसावर बसविला : पाण्याची घनता १००० धरून १०५७ घनतेच्या ३६ गॅलनांस ६ शिलिंग ३ पेन्स. दोन बुशेल माल्टापासून इतका रस निघालाच पाहिजे असें कायद्यानें गृहीत धरलें, व ज्या हिशेबानें कर अधिक येईल तो लागू केला. कौटिल्याच्या सुराध्यक्षप्रकरणांत मेदकासाठीं एक द्रोण पाण्यास अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व असें मान दिलें आहे. तेथें घालावयाचें किती तें सांगितलें आहे, येथें निघावयाचें किती तें ठरविलें. अल्पसत्त्व हा आतां दंडनीय दोष झाला.

(८) त्याच कायद्यानें घरगुती बिअरवर आलेलें परवान्याचें बंधन १९६३ त उठलें, व आज हौशी लोक पुन्हां घरीं तीव्र बिअर करतात. एकच पिंप भरून चोथा टाकून देतात व सत्त्व कमी उतरलें म्हणून कष्टी होतात. त्यांनीं भरड, उष्णता व निथळ यांकडे लक्ष द्यावें, हें युक्तच. पण सर्वांत जुना उपाय चोथ्यांतच आहे : दुसरें पाणी घालून पातळ बिअर करावी. शर्करामापकानें हानि दाखविली, हें त्याचें श्रेय निर्विवाद आहे. मात्र जें मोजलें गेलें नाहीं तें वायां गेलें असें अनुमान इतिहासकारानें करूं नये. तें कोणाच्या पेल्यांत गेलें, हेंही पाहावें.