फुग्याच्या कुळातली पाणबुडी

दिवाळे गावच्या जेट्टीवरून खाडीत पाहिलं तर हातभर खालचंही दिसत नाही. भरती-ओहोटीबरोबर इथला गाळ ढवळत राहतो, उधाणात तर फारच. दिवाळीत बहिरीदेवाला समुद्रातून वर काढून गावात आणायची रीत जपणाऱ्या इथल्या कोळ्यांना पाण्याखाली जाणं नवं नाही. पण पर्यटकांना काचेतून समुद्र दाखवणारी पाणबुडी या खाडीत चालणार नाही. गढूळ पाण्यात तिचा उपयोग नाही, हे तिच्या पहिल्याच पिढीला कळून चुकलं होतं.

या पाणबुडीचं कूळ आरमारापेक्षा फुग्यांशी जास्त जवळचं आहे. स्विस शास्त्रज्ञ ऑग्युस्त पिकार 1931 मध्ये हवाबंद गोळ्यात बसून फुग्याने 15 किलोमीटरहून उंच गेले. पुढे तीच युक्ती त्यांनी समुद्रासाठी वापरली. वायूच्या जागी पाण्याहून हलकं पेट्रोल आलं, वाळूच्या जागी लोखंडी छर्रे. छर्रे सोडून दिले की यान वर येई. अशाच ‘त्रिएस्ते’मधून त्यांचा मुलगा झाक आणि अमेरिकी नौदलाचे डॉन वॉल्श 23 जानेवारी 1960 रोजी मारियाना गर्तेच्या तळाला, जवळजवळ 11 किलोमीटर खोल, पोचले.

इतक्या खोल जाऊन आलेल्या झाकना मग साध्यासुध्या माणसांना पाण्याखाली न्यावंसं वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे. लोझानच्या 1964 च्या राष्ट्रीय प्रदर्शनासाठी त्यांनी 40 प्रवाशांची पाणबुडी बांधली आणि तिला वडिलांचं नाव दिलं. जिनिव्हा सरोवरात तिने सुमारे 33,000 लोकांना नेऊन आणलं. पाणी मात्र गढूळ होतं. खिडकीला डोळे लावून बसलेल्यांना फारसं काही दिसत नसे.

नितळ पाणी मिळालं ते कॅरिबियनमध्ये. कॅनडाच्या डेनिस हर्ड यांच्या ‘अटलांटिस’ पाणबुड्या 1980 च्या दशकात केमन बेटांजवळ फिरू लागल्या. बॅटरीवर चालणाऱ्या, साधारण 30 मीटरपर्यंत जाणाऱ्या. पाण्याहून किंचित हलकं राहायचं आणि पंख्यांच्या जोरावर खाली जायचं, ही त्यांची रीत. वीज गेली तर पाणबुडी आपोआप वर येते. आतला हवेचा दाब जमिनीवरच्याइतकाच असल्यामुळे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना बसता येतं.

महाराष्ट्राने 2018 मध्ये वेंगुर्ल्याजवळच्या निवती रॉकसाठी अशा पाणबुडीचा बेत जाहीर केला. तो बरीच वर्षं रखडला. पुढे, 12 जानेवारी 2024 ला नौदलातून निवृत्त झालेलं ‘गुलदार’ हे जहाज निवतीजवळ बुडवून त्याचं पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलं. त्यावर प्रवाळ वाढावं आणि पाणबुडीतून ते पाहता यावं, अशी कल्पना आहे. जागेची निवड मला पटते. पावसाळा सोडला तर तिथलं पाणी आपल्या खाडीपेक्षा कितीतरी नितळ असतं. मात्र कुठल्या वाऱ्याला ते गढूळतं आणि किती दिवसांनी निवळतं, हे तिथल्या गाबीत मच्छीमारांइतकं कोणाला ठाऊक असणार? पाणबुडी आली, तर ती चालवायचं पहिलं प्रशिक्षण त्यांच्याच मुलामुलींना मिळायला हवं.