डिस्क बदलून बॅकअप रिस्टोअर केला आणि सर्व्हरवर लॉगिनच होत नाही? पासवर्ड बदलण्याआधी हे तपासा

जुनी हार्ड डिस्क भरत आली, म्हणून मोठी एसएसडी बसवली. बॅकअप रिस्टोअर झाला, सर्व्हर चालूही झाला, पण लॉगिन मात्र होत नाही. सकाळी ऑफिस उघडायच्या आत हे सुटायला हवं असतं, त्यामुळे घाईत पहिला हात पासवर्ड रिसेटकडे जातो. मी मात्र तो शेवटी ठेवतो, कारण अशा वेळी पासवर्ड बहुतेकदा बरोबरच असतो. रिस्टोअरमध्ये फायलींमधला मजकूर येतो. फाइल कोणाच्या मालकीची आणि ती कोण वाचू-लिहू शकतं, ही माहिती वाटेत गळते. लॉगिन तर त्याच माहितीवर चालतं.

हा लेख लिनक्स सर्व्हरसाठी आहे. एक पथ्य आधीच पाळा: सगळे युजर नीट लॉगिन करेपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट करू नका. खरी परवानगी काय होती, हे फक्त तीच सांगू शकते.

१. आधी लॉग वाचा

सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडा. उबुंटूवर ‘ऑथ’ लॉग, तर रॉकी किंवा अल्मासारख्या रेड हॅट कुटुंबातल्या सिस्टिमवर ‘सिक्युअर’ लॉग बघा. आत जाताच येत नसेल, तर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून बूट करून डिस्क माउंट करा आणि लॉग वाचा. नकार कोण देतंय हे कळलं की अर्धं काम झालं.

२. एसएसएच की नाकारली जाते

लॉगमध्ये ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ असं दिसलं, तर दोष कीचा नाही. होम फोल्डर किंवा एसएसएच फोल्डरमध्ये दुसरं कोणी लिहू शकत असेल, तर सर्व्हर ती की मानतच नाही. एसएसएच फोल्डरला ७०० आणि ऑथराइज्ड कीज फाइलला ६०० परवानगी द्या. वैतागून सगळ्याला ७७७ देऊ नका, त्याने बंद दार आणखी घट्ट बसतं! सर्व्हरच्या स्वतःच्या सगळ्या प्रायव्हेट होस्ट कीज कोणालाही वाचता येत असतील, तर एसएसएच सेवा सुरूच होत नाही.

३. युजरचे नंबर बदललेत

लिनक्स मालकी नावाने नाही, नंबराने लक्षात ठेवतं. नव्याने इन्स्टॉल करून युजर वेगळ्या क्रमाने बनवले, तर जुना १००१ नंबरचा माणूस आता १००२ होतो आणि त्याचं फोल्डर भलत्याच्याच ताब्यात जातं. हा प्रश्न फक्त लॉगिनचा नाही, एकाची कागदपत्रं दुसऱ्याला उघडता येतात. फायलींची यादी नंबरांसकट काढून जुन्या डिस्कशी ताडून बघा.

४. लॉगिन होतं, पण सुडो चालत नाही

सुडो फाइलची मालकी रूटकडे हवी आणि तिच्यावर सेटयूआयडी बिट हवा, म्हणजे ४७५५. बॅकअप फॅट३२ किंवा एक्सफॅट डिस्कवर साधा कॉपी-पेस्ट केला असेल, तर मालकी आणि हे बिट दोन्ही जातात. अशा वेळी एकेक फाइल दुरुस्त करत बसण्यापेक्षा सिस्टिम नव्याने इन्स्टॉल करा आणि फक्त डेटा परत आणा.

५. पासवर्ड बरोबर, तरी लगेच बाहेर

रेड हॅट कुटुंबात एसई-लिनक्सची लेबलं हरवल्याचा संशय घ्या. बूट मेनूमध्ये कर्नलच्या ओळीला ‘एन्फोर्सिंग=०’ जोडून आत शिरा, मूळ फोल्डरमध्ये ‘.ऑटोरीलेबल’ नावाची रिकामी फाइल इंग्रजी अक्षरांत बनवा आणि रीस्टार्ट करा. डिस्क मोठी असेल तर वेळ लागतो, मध्येच वीज बंद करू नका.

६. होम फोल्डर रिकामं, किंवा इमर्जन्सी मोड

नव्याने फॉरमॅट केलेल्या पार्टिशनचा यूयूआयडी नवा असतो, पण एफएसटॅब फाइलमध्ये जुनाच राहतो. सर्व्हर साधारण ९० सेकंद वाट बघतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये जातो. ओळीत ‘नोफेल’ असेल तर बूट होतं, पण होम जोडलं जात नाही आणि त्यातल्या कीजही सापडत नाहीत. नवा यूयूआयडी लिहा.

७. आता पासवर्डकडे या

बॅकअप ज्या तारखेचा, पासवर्डही त्या तारखेचे. त्यानंतर कोणी पासवर्ड बदलला असेल, तर जुना टाकून बघायला सांगा. आणि एक उलटी बाजू लक्षात ठेवा: नोकरी सोडून गेलेल्याचं बंद केलेलं खातंही परत जिवंत झालेलं असू शकतं. ते आजच बंद करा.

पुढच्या वेळी

टारने रिस्टोअर करताना ‘न्यूमरिक-ओनर’ पर्याय वापरा. आरसिंकच्या नुसत्या ‘ए’ पर्यायाने एसीएल आणि एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट येत नाहीत. त्यासाठी कॅपिटल ‘ए’ आणि कॅपिटल ‘एक्स’ जोडा, शिवाय ‘न्यूमरिक-आयडीज’ द्या. दोन्ही कामं रूट म्हणूनच करा. आणि रिस्टोअर झालं असं म्हणण्याआधी रूट सोडून एका साध्या युजरने लॉगिन करून बघा. तो आत गेला, त्याची फाइल उघडली आणि सेव्ह झाली, तरच काम पूर्ण.