पवनचक्कीची विद्या आणि तिची मालकी

साताऱ्याकडील वनकुसवड्याच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्या पाहून आमचे कित्येक स्नेही उद्गारतात, ‘हीं जर्मनांचीं यंत्रें!’ त्यांत तथ्य आहे, पण थोडेंच. परदेशीयांशीं भागीदारी झाली म्हणजे विद्या कोणाकडून कोणाकडे जाते, हें वाटतें तितकें सरळ नाहीं.

कै. तुलसी तांती हे सुरतेस कापडाचा कारखाना चालवीत. विजेचा खर्च व तिचा लहरीपणा यांस कंटाळून त्यांनीं दोन पवनचक्क्या घेतल्या, आणि 1995 सालीं ‘सुझलॉन’ कंपनी काढली. पुढें पुणें हें तिचें मुख्य ठाणें झालें. यंत्रविद्या जर्मनीच्या ‘झ्यूडविंड’ कंपनीची. विकलेल्या प्रत्येक यंत्रामागें रॉयल्टी द्यावी व मोबदल्यांत ज्ञान घ्यावें, असा करार होता. 1997 सालीं झ्यूडविंडचें दिवाळें वाजलें! दुसरा एखादा कारखानदार हातीं आलेल्या नकाशांवरच समाधान मानता. सुझलॉननें त्या कंपनीचे इंजिनियरच नोकरीस घेतले व संशोधनाचें खातें जर्मनींतच थाटलें. नकाशांत पात्याची लांबी सांपडते. तीच कां ठेवली आणि तत्पूर्वीं काय काय फसलें, हें मात्र माणसाच्या डोक्यांत असतें. या कंपनीच्या इतिहासांतील सर्वांत शहाणपणाचें पाऊल आम्ही हेंच मानतों, आणि तें स्वस्तांत पडलें.

पुढें पैसा आला. 2006 सालीं बेल्जममधील ‘हॅन्सेन’ ही दंतचक्रपेट्या बनविणारी कंपनी घेतली. 2007 सालीं फ्रान्सच्या ‘आरेव्हा’शीं चढाओढ करून हांबुर्गची ‘रीपॉवर’ सुमारें 130 कोटी युरोंच्या बोलीनें जिंकली. रीपॉवरनें 2004 सालीं 5 मेगावॅटचें यंत्र उभारलें होतें. त्या वेळीं जगांत त्याहून मोठें नव्हतें. तीच विद्या हवी होती. परंतु जर्मन कायदा असा कीं, कंपनींत इतर लहान भागधारक आहेत तोंवर, तसा स्वतंत्र करार झाल्यावांचून, मोठ्या मालकानें तिचें ज्ञान आपल्या घरीं नेऊं नये. नवरी घरांत आली, पेटीची किल्ली माहेरींच राहिली! (लहानांचें रक्षण करणारा हा कायदा आम्हांस वाईट वाटत नाहीं, तो अगोदर नीट वाचावयास हवा होता.) उरलेले भागधारक 2011 सालीं बाजूस झाले. तोंवर जगांत मंदी येऊन गेली होती, अमेरिकेंत पात्यांना तडे गेले होते, आणि कर्ज डोईजड झालें होतें. 2012 सालीं परदेशी रोख्यांचे 20 कोटी डॉलरांहून अधिक पैसे थकले.

2015 सालीं ही कंपनी, तेव्हां तिचें नांव ‘सेन्व्हिऑन’ झालें होतें, 100 कोटी युरोंस विकली गेली. लोक या तोट्याचीच चर्चा करतात. आम्हांस विक्रीच्या करारांतील एक अट अधिक लक्षणीय वाटते. सेन्व्हिऑननें समुद्रांतील पवनचक्क्यांच्या विद्येचा परवाना भारतापुरता सुझलॉनला द्यावा, आणि सुझलॉननें आपल्या 2.1 मेगावॅटच्या यंत्राचा परवाना अमेरिकेपुरता सेन्व्हिऑनला द्यावा. वीस वर्षांपूर्वीं यंत्रामागें रॉयल्टी कबूल करणारी कंपनी आतां आपलें यंत्र जर्मनांस वापरावयास देत होती.