आगीनंतरचे नियम

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपण नाहीतर अपेंडिक्सचं ऑपरेशन आठवतं. अमेरिकेत मात्र नर्सिंग होम म्हणजे ज्यांना स्वतःचं स्वतः करता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांनी राहायची जागा. आपल्या नात्यातले जे लोक सत्तरच्या दशकात तिकडे गेले ते आता ऐंशीला टेकलेत, आणि त्यांची इथली भावंडं वृद्धाश्रमांची माहितीपत्रकं चाळतायत. फोनवर सारखा हाच विषय. जेवण कसं, खोली केवढी, महिन्याचे किती. आग लागली तर काय, हे कुणी विचारत नाही. म्हणून तिकडचे नियम कसे आले ते एकदा सांगतो.

१७ फेब्रुवारी १९५७. मिसुरी राज्यातलं वॉरेंटन हे गाव. एका जुन्या कॉलेजच्या विटांच्या इमारतीत वृद्धांसाठी केटी जेन मेमोरियल होम चालवलं जात होतं. रविवारची दुपार, भेटायला माणसं आलेली. आग लागली आणि ७२ जण गेले. शिकणाऱ्या पोरांसाठी बांधलेल्या इमारतीत अंथरुणाला खिळलेली माणसं ठेवली होती. जिन्यावरून उतरायचं कुणी?

पुढची आग २३ नोव्हेंबर १९६३ ची, ओहायोतल्या फिचव्हिलजवळच्या गोल्डन एज नर्सिंग होममधली. पहाटेची वेळ, ८४ रहिवासी. त्यातले ६३ वाचले नाहीत. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झाली होती, त्यामुळे ही बातमी फारशी कुणाच्या लक्षातच राहिली नाही. ओळख न पटलेल्यांना एकत्रच पुरावं लागलं.

१९७० च्या जानेवारीत ओहायोतच मॅरिएटाला हार्मर हाऊसमध्ये आग लागली. ही इमारत नवी, एकमजली, सहजी न पेटणारी. तरी ३० हून अधिक माणसं गेली. भिंती टिकल्या, पण गालिच्याखाली रबराचा फोम होता, आणि त्याच्या धुराने माणसं गुदमरली. मग गालिचे कसे जळतात याच्या चाचण्यांकडे लक्ष गेलं. भिंत शाबूत राहिली म्हणजे माणूस वाचला असं होत नाही, हे कळायला एवढी किंमत मोजावी लागली.

खरं तर उपाय माहीत होता. छतातला स्प्रिंकलर. त्याच्या तोंडाशी काचेची छोटी कुपी असते. साधारण ६८ अंशांना तापली की फुटते आणि पाणी सुटतं. सिनेमात दाखवतात तसे सगळे एकदम सुरू होत नाहीत, जिथे आग तिथलाच सुटतो. कुणाला उठवावं लागत नाही, रात्रपाळीची नर्स जिन्यापलीकडे असली तरी चालतं. मग अडलं कुठे? खर्चावर. १९६५ साली मेडिकेअर-मेडिकेड आल्यावर नर्सिंग होमना सरकारी पैसा मिळू लागला आणि त्याबरोबर अटी घालायचा अधिकारही सरकारकडे आला. पण जुन्या इमारतींना सवलत मिळत राहिली.

२००३ मध्ये आधी हार्टफर्ड, मग नॅशव्हिल. दोन आगी, मिळून ३० च्या आसपास मृत्यू. दोन्हीकडे स्प्रिंकलर नव्हते. २००४ मध्ये तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने अहवालात स्वच्छ लिहिलं की पूर्ण स्प्रिंकलर असलेल्या नर्सिंग होममध्ये अनेक बळी घेणारी आग आजवर लागलेलीच नाही. २००८ मध्ये नियम निघाला आणि त्याची मुदत होती १३ ऑगस्ट २०१३. वॉरेंटनपासून ५६ वर्षं!

दुसरी गोष्ट बांधून ठेवण्याची. पलंगावरून पडू नयेत म्हणून म्हाताऱ्यांना पट्ट्यांनी बांधणं ही तिकडे सर्रास चालणारी पद्धत होती, आणि तिलाही 'सुरक्षा'च म्हणत. १९८७ च्या कायद्याने बदल केला: शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कुणालाही बांधायचं नाही. मला हा नियम स्प्रिंकलरइतकाच मोलाचा वाटतो. आग लागल्यावर बांधलेल्या माणसाचं काय होणार हे तर आहेच; पण आग न लागताही तो रोज थोडा थोडा संपत असतो.

आपल्याकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम असावा असं म्हटलंय. वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना आणि सेवांचे दर्जे ठरवायचं राज्यांवर सोडलंय. कागदावर सुरुवात आहे. पण तिकडचा इतिहास सांगतो की कागद आणि छत यांच्यामध्ये पन्नास वर्षंही जाऊ शकतात.

तेव्हा मंडळी, कुठलीही जागा बघायला जाल तेव्हा बाग आणि देवघर जरूर बघा. पण मान वर करून छतही बघा. रात्री दोन वाजता किती माणसं जागी असतात ते विचारा. मागचं दार उघडं आहे की कुलूप लावून किल्ली ऑफिसात ठेवलीय, ते स्वतः ढकलून बघा. विचारणं थोडं वाईट दिसेल. दिसू दे.