आधी जखम, मग हुद्दा

आपले पणजोबा मुंबई इलाख्याच्या पलटणींत शिपायाचे सुभेदार झाले. हुद्द्याचा मान आपल्याला कोणी शिकवायला नको. पण जखमींच्या रांगेत हुद्दा चालत नाही.

हा धडा डॉमिनिक लारे या फ्रेंच शल्यवैद्याचा. १७९२ साली ऱ्हाइनच्या आघाडीवर त्याने पाहिले, की जखमींच्या गाड्या लढाईपासून लांब, मागे थांबतात आणि तोवर माणसे रक्त जाऊन मरतात. त्याने हलक्या घोडागाड्या थेट रणांगणापर्यंत नेण्याची पद्धत पाडली. ज्याची जखम गंभीर त्याच्यावर आधी उपचार. मग तो सरदार असो, शिपाई असो की शत्रूचा माणूस.

आज इस्रायलच्या सैन्यात आपली नातवंडे ‘खोवेश’ होतात, तेव्हा जखमी निवडण्याचा हाच नियम शिकतात. सुभेदारांच्या घराण्याला हेही भूषणच.