स्वस्त पेट्रोलची रांग कितपत परवडते?

अमेरिकेत पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात व ते गॅलनच्या (सुमारे ३.७९ लिटर) मापाने विकले जाते. दर थोडा कमी असलेल्या पंपावर तेथे मोटारींच्या रांगा लागतात. या रांगेत उभे राहणे परवडते का, हे हिशेबाने ठरवता येते.

समजा, दरात गॅलनमागे २० सेंटचा फरक आहे आणि टाकीत १२ गॅलन पेट्रोल भरायचे आहे. बचत होते २.४० डॉलर. त्यासाठी २० मिनिटे थांबावे लागल्यास तासाभराच्या प्रतीक्षेचे मोल ७.२० डॉलर पडते. अमेरिकेतील केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. शिवाय इंजिन चालू ठेवल्यास तासाला पाव ते अर्धा गॅलन इंधन जळते, ते वेगळेच.

१९८० मध्ये कॅलिफोर्नियात सरकारी दरनियंत्रणामुळे शेव्हरॉन कंपनीच्या काही पंपांवर पेट्रोल इतरांपेक्षा स्वस्त विकले गेले. तेथील ग्राहकांविषयीचा रॉबर्ट डीकन व जॉन सोनस्टेली या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. रांगेत थांबणारे ग्राहक एका खेपेस अधिक पेट्रोल भरून घेत असल्याचे त्यात आढळले.

तात्पर्य, टाकी जवळजवळ रिकामी असावी, दरातील फरक मोठा असावा आणि पंप नेहमीच्या वाटेवर असावा. तरच रांग फायद्याची ठरते. अर्थात, त्या वेळात ज्याला दुसरी मिळकत नाही, त्याच्या दृष्टीने अडीच डॉलरही थोडे नसतात.