आवाजांच्या बेरजेचा प्रवास

पॅसिव्ह मिक्सरचा डबा उघडला की नवखा माणूस हिरमुसतो. आत ना आयसी, ना ट्रान्सफॉर्मर, ना विजेची जोडणी. प्रत्येक इनपुटच्या हॉट आणि कोल्ड तारेवर दहा किलोओमचा एकेक रेझिस्टर. पुढे सगळे हॉट एका सामाईक तारेला, सगळे कोल्ड दुसऱ्या तारेला. बस, संपलं. पण रेडिओच्या जुन्या पिढ्यांनी आवाज एकत्र केले ते अशाच रेझिस्टरच्या जाळ्यांतून. म्हणून असा डबा दुरुस्तीला आला की मला आनंद होतो. त्याच्या खोड्या समजून घेताना आमच्या धंद्याचा सगळा इतिहास पुन्हा समोर येतो.

पुण्यातला एक मुलगा आठ वाद्यांसाठी केलेला डबा घेऊन आला. "काका, एकेक पिन काढत गेलो की उरलेले आवाज वाढत जातात. कुठेतरी ड्राय सोल्डर असणार." मल्टीमीटर लावून पाहिलं, एकही जोड कच्चा नव्हता. काम स्वच्छ होतं. आठ सारखे रेझिस्टर एकत्र आले की प्रत्येक आवाजाचा आठवा भागच बाहेर पडतो, म्हणजे 18 डेसिबल घट. कारण एका वाद्याचा सिग्नल सामाईक तारेवर आला, की तो उरलेल्या सात रेझिस्टरांमधून बाकीच्या वाद्यांच्या आउटपुटकडे उलटा ओढला जातो. चार पिना काढल्या की ओढणारे कमी होतात आणि उरलेले चार आवाज 6 डेसिबलनं वर येतात. यात बिघाड कसलाच नाही. या जाळ्याचा धर्मच तो आहे.

जुन्या इंजिनिअरांना हा धर्म पाठ होता. त्यांची विद्या टेलिफोनमधून आलेली. 600 ओमचं माप टेलिफोनच्या तारांचं आणि डेसिबल हे एककही टेलिफोनच्या लाइनवरची घट मोजण्यासाठीच घडलेलं. त्यामुळे आधी घट सोसायची आणि मग अॅम्प्लिफायरनं ती भरून काढायची, यात त्यांना काही वावगं वाटत नसे. लंडनच्या अॅबे रोड स्टुडिओतल्या रेड 37 या कन्सोलमध्ये व्ही72एस हे व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर होते, ठरीव 40 डेसिबल वाढ देणारे. त्या काळच्या कन्सोलचा आवाज म्हणून आज ज्याची तारीफ होते, तो पुष्कळसा अशा अॅम्प्लिफायरांचा आणि ट्रान्सफॉर्मरांचा आहे.

आवाज एकमेकांना ओढणार नाहीत अशी बेरीज करायची युक्ती मात्र कुठल्याच स्टुडिओत जन्मली नाही. मुंबईचं रेडिओ केंद्र 23 जुलै 1927 ला सुरू झालं. त्यानंतर दहाच दिवसांनी, 2 ऑगस्टला, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोनच्या संशोधन संस्थेतला हॅरॉल्ड ब्लॅक फेरीबोटीनं कामावर जात होता. हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावर त्यानं निगेटिव्ह फीडबॅकची, म्हणजे आउटपुटचा भाग उलटा करून इनपुटला परत देण्याची, आकृती काढली. 1940 मध्ये त्याच संस्थेतला डेव्हिड पार्किन्सन टेलिफोनच्या चाचणीसाठी लागणाऱ्या लेव्हल रेकॉर्डरवर काम करत होता. त्यात पोटेन्शिओमीटरच्या जोरावर पेन कागदावर हलायचं. एका रात्री त्याला स्वप्न पडलं, की तसाच पोटेन्शिओमीटर विमानविरोधी तोफेला बसवला आहे आणि तोफ अचूक मारा करते आहे. त्या स्वप्नातून एम-9 हे नेम धरणारं यंत्र उभं राहिलं. त्याला विजेच्या दाबांची बिनचूक बेरीज हवी होती. कार्ल स्वार्ट्झेलनं 1941 मध्ये ज्या 'समिंग अॅम्प्लिफायर'च्या पेटंटसाठी अर्ज केला, तो याच कामातला. 1944 मध्ये इंग्लंडवर येणारे जर्मन व्ही-1 बॉम्ब हवेत पाडणाऱ्या तोफांमागे एम-9 होतं.

या समिंग अॅम्प्लिफायरच्या सर्किटमध्ये ब्लॅकच्या निगेटिव्ह फीडबॅकनं सामाईक तार जवळजवळ शून्य व्होल्टवर धरून ठेवली जाते. म्हणून एका चॅनेलला दुसऱ्याचा पत्ता लागत नाही. याला आम्ही व्हर्च्युअल अर्थ म्हणतो. ट्रान्झिस्टर आणि मग आयसी आले, 1968 मध्ये 741 नावाचा आयसी आला, आणि पुढे मिक्सरांत हीच रीत रूढ झाली. पण घट टळली, असं जे सांगितलं जातं ते मला मान्य नाही. आठ चॅनेलच्या अशा बेरजेत अॅम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइज नऊ पटीनं बाहेर येतो, म्हणजे 19 डेसिबल. पॅसिव्ह जाळ्यात 18 गमवायचे आणि परत मिळवायचे. किंमत तीच, फक्त वेगळ्या खिडकीवर भरायची.

नीव्ह कंपनीच्या जुन्या कन्सोलमध्ये या बेरजेनंतरची भरपाई करायला 1272 नावाचं मॉड्यूल असे. कन्सोल मोडीत निघाले तेव्हा लोकांनी ही मॉड्यूलं काढून त्यांचे माइक प्रीअॅम्प केले. पुढे संगणकात मिक्सिंग सुरू झालं आणि आवाज 'चपटा' वाटतो अशी ओरड झाली. तेव्हा फोल्क्रॉमसारखे सोळा चॅनेलचे पॅसिव्ह डबे बाजारात आले, मागे आपल्या आवडीचा माइक प्रीअॅम्प लावायचा. भरपाईच्या अॅम्प्लिफायरचा प्रीअॅम्प झाला आणि प्रीअॅम्प पुन्हा भरपाईला लागला! माझं मत विचाराल तर संगणकाची बेरीज चोख असते. या डब्यातून मिळतो तो त्या प्रीअॅम्पचा रंग, आणि तो रंग हवासा वाटणं यात गैर काही नाही.

त्या मुलाच्या डब्यात मी एकच वस्तू वाढवली. सामाईक हॉट आणि कोल्ड यांच्यामध्ये 200 ओमचा रेझिस्टर. घट 41 डेसिबलच्या आसपास गेली, पण माइक प्रीअॅम्पला ती सहज पेलते. आता चार पिना काढल्या तरी फरक पडतो तो जेमतेम तिसरा हिस्सा डेसिबल. हमिंगही होतं. त्यानं सगळ्या शिल्ड एका लांब तारेनं ओवत आणल्या होत्या आणि डब्याच्या पत्र्याला एकही जोडली नव्हती. ऑडिओ इंजिनिअर नील मन्सी यांनी 1995 मध्ये 'पिन वन'च्या दोषावर लिहिलं ते नेमकं हेच: शिल्ड सॉकेटपाशीच पत्र्याला भिडली पाहिजे, आतल्या वायरिंगमध्ये फिरता कामा नये. प्रत्येक सॉकेटची पिन 1, म्हणजे शिल्डची पिन, आखूड तारेनं जागच्या जागी पत्र्याला सोल्डर केली, हमिंग गेलं.

तुम्ही असा डबा करणार असाल तर दोन गोष्टी पाळा. प्रीअॅम्पचा 48 व्होल्ट फँटम पॉवर बंद केल्याशिवाय डबा जोडू नका, नाहीतर तो दाब रेझिस्टरांतून उलटा तुमच्या वाद्यांच्या आउटपुटवर जातो. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून रेझिस्टरची मूल्यं, एकूण घट आणि केल्याचं साल लिहून ठेवा.